घासून गेलेला नंबर

बस. ती खुर्ची घे, हलते पण पाडत नाही. किटलीत चहा आहे, दूध खिडकीत ठेवलंय. आता ऐक. हेडली थ्रूपनं एक गाडी घेतली आणि ती रस्त्यावर आणता आणता दोन घरांची झोप कशी उडाली, ते तुला सांगतो. यात खोटं एक अक्षर नाही. कुठं वाढवलेलं वाटलं तर ते हेडलीनंच वाढवलेलं असणार, मी त्याच्याच तोंडून ऐकलंय.

हेडली गडगे रचणारा. चुना नाही, सिमेंट नाही, नुसता दगडावर दगड. पिकरिंगच्या वरच्या माळावर मेंढ्यांचे जेवढे गडगे सरळ उभे दिसतात, त्यातले निम्मे त्याच्या हातचे. लोकांचं काम त्यानं कधी अर्धं टाकलं नाही. घरचं मात्र एकही पुरं केलं नाही. न्हाणीघराच्या तीन भिंतींना फरशी, चौथीला नुसता गिलावा, आणि तो गिलावा बावीस वर्षांचा. स्वयंपाकघरातल्या कपाटांना दारं नाहीत. म्हणजे दारं आहेत, पण पलंगाखाली. मागच्या अंगणात एक होडी उपडी पडलेली, तिच्यात कोंबड्या. पाहुणे आले की त्याची बायको एव्हरिल म्हणायची, "आमच्याकडं सगळं आहे, फक्त झालेलं नाही."

भांडायची नाही ती. भांडली असती तर बरं, असं हेडलीच म्हणतो.

त्रेसष्टाव्या वर्षी त्याचे गुडघे गेले आणि गडगे सुटले. घरी बसला. एका रविवारी एव्हरिल ताटात बटाटे वाढता वाढता म्हणाली, "हेडली, या घरात तुझ्या हातचं पुरं झालेलं असं एक तरी आहे का रे? मी आपलं सहज विचारते."

हेडली विचार करत राहिला. जेवण झालं, भांडी झाली, तरी विचार करत राहिला. संध्याकाळी चहाच्या वेळेला म्हणाला, "नाही."

"बरं," एव्हरिल म्हणाली, आणि बिस्किटांचा डबा पुढं केला.

तेवढंच झालं. पण ते "बरं" त्याच्या छातीत काट्यासारखं रुतून बसलं. तेव्हापासून त्याचं एकच: एक वस्तू, कुठलीही, पण आपल्या घरची, स्वतःच्या हातानं शेवटपर्यंत न्यायची. तिच्यासमोर उभी करायची आणि म्हणायचं, ही घे, झाली.

आता दुसरा कुणी असता तर फरशी आणून चौथी भिंत लावली असती. हेडलीनं हिशेब वेगळा केला. त्याचं म्हणणं, माझ्या हातून नेहमी निम्मं काम होतं. मग जे आधीच निम्मं झालंय ते घेतलं, तर माझं निम्मं आणि त्याचं निम्मं मिळून पुरं होणार. यात चूक काय ते मला अजून नीट सांगता येत नाही, पण चूक आहे.

माल्टनच्या दुकानातल्या जाहिरातींच्या फळ्यावर त्यानं चिठ्ठी वाचली: "गाडी, घरी बांधायची, अर्धी बांधलेली." तसल्या गाड्या तुला माहीत आहेतच. सांगाडा, पत्रा, चाकं धरणारे दांडे पेटीत भरून येतात, इंजिन आणि मागचा आस एखाद्या जुन्या गाडीतून काढायचा, आणि आपण आपल्या शेडमध्ये जोडत बसायचं. दोन माणसं बसतात, छत नाही, दार नाही, पाऊस आला की भिजायचं. तरी आपल्याकडं दर चौथ्या शेडमध्ये अशी एक निघते.

विकणारा रॉयस्टन अँब्लर. रेल्वेचे डबे बनवायच्या कारखान्यात चाळीस वर्षं नकाशे काढलेला माणूस. पेन्सिलीला टोक असं करायचा की डास टोचल्यासारखं लागावं. गॅरेज बघितलं तर जमिनीवर सांडलेलं दूध चाटून घ्यावं इतकं स्वच्छ. मधोमध गाडी. हिरवा सांगाडा, चकचकीत पत्रा, इंजिन बसवलेलं, चाकं लावलेली. वायरी नाहीत, ब्रेकच्या नळ्या नाहीत, सीट नाहीत.

"किती वर्षं चाललंय?" हेडलीनं विचारलं.

"एकोणीस," रॉयस्टन म्हणाला.

"एकोणीस वर्षांत एवढंच?"

"जे झालंय ते बरोबर झालंय."

आतल्या दारात त्याची बायको मेव्हिस उभी होती, हातात फडकं. ती म्हणाली, "त्यानं तो डॅशबोर्ड सहा वेळा केलाय. सहाही सारखेच दिसतात."

"सारखे नाहीत," रॉयस्टन म्हणाला. "दुसऱ्याचं भोक अर्धा मिलिमीटर डावीकडं होतं."

मेव्हिसला ते गॅरेज हवं होतं. तिच्या बहिणीचा पाय मोडला होता, तिला खालच्या मजल्यावर खोली करायची होती, म्हणून गाडी निघाली होती. रॉयस्टनच्या मनात विकायचं नव्हतंच. सौदा झाला, हातावर हात मारला, ट्रेलरवर गाडी चढवली. रॉयस्टननं दोऱ्या स्वतः बांधल्या, सोडल्या, पुन्हा बांधल्या.

"आणि कागदं?" हेडलीनं विचारलं.

"एक फाइल आहे. पेटीचं बिल, जुन्या गाडीचं सरकारी पुस्तक, पहिल्या दिवसापासूनचे फोटो. सगळं आहे."

"मग दे की."

"हुडकावी लागेल. आणून देतो."

हेडली "बरं" म्हणाला. त्याच्या जागी दुसरा असता तर तिथंच गाडी ट्रेलरवरून उतरवून बसला असता. पण कागद अर्धे राहिले तरी ज्याला टोचत नाही असा हा माणूस, त्याला ते खटकलंच नाही.

पुढच्या शनिवारी सकाळी दहाला रॉयस्टन केल्डथॉर्पला हेडलीच्या शेडमध्ये हजर. फाइल नाही, पण हातात चहाचा थर्मास.

"बघायला आलो फक्त," म्हणाला.

त्यानंतर शनिवार चुकला नाही. एका उलट्या बादलीवर बसायचा आणि बघायचा. हेडलीनं वायर ओढली की म्हणायचा, "तिथून?" बस्स, एवढंच. हेडली ती वायर काढून दुसरीकडून न्यायचा. ब्रेकची नळी वाकवली की म्हणायचा, "असू दे, चालेल," आणि ते "चालेल" असं म्हणायचा की हेडली नळी फेकून नवी घ्यायचा. दोन महिन्यांत हेडलीच्या लक्षात आलं की शनिवारी काम पुढं जात नाही, मागं जातं. मग त्यानं खरं काम सोमवार ते शुक्रवार करायला सुरुवात केली आणि शनिवार रॉयस्टनसाठी ठेवला, देवाला दिवा ठेवतात तसा.

"फाइल मिळाली का?" दर शनिवारी विचारायचा.

"हुडकतोय. वर माळ्यावर असेल."

काम मात्र होत गेलं, हे कबूल केलं पाहिजे. वायरी झाल्या. ब्रेक झाले. सीट बसल्या. मे महिन्यात इंजिन सुरू झालं तेव्हा होडीतल्या कोंबड्या दोन दिवस अंडी द्यायच्या थांबल्या. एव्हरिल शेडच्या दारात येऊन उभी राहिली, इंजिन ऐकलं आणि म्हणाली, "धूर बाहेर जाऊ दे." पण जाताना मागं वळून बघितलं. हेडलीनं ते पाहिलं.

मग आली सरकारी तपासणी. घरी बांधलेली गाडी तशी रस्त्यावर नेता येत नाही. आधी फॉर्म भरायचा, मग तपासणी केंद्रात न्यायची. तिथला माणूस दिवसभर बघतो. त्याच्याजवळ एक गोळा असतो, दोन्ही तळहातात मावेल एवढा. तो गोळा गाडीला बाहेरून आणि आतून जिथं जिथं टेकेल, तिथं धारदार कड दिसता कामा नये, गोल पाहिजे. म्हणून सगळे काय करतात, प्रत्येक नटबोल्टला प्लास्टिकची टोपी घालतात, प्रत्येक कडेला रबराची पट्टी बसवतात. लग्नापुरत्या मुंडावळ्या असतात तसं. दुसऱ्या दिवशी निम्मं काढून टाकायचं. हेडलीनं दोनशे टोप्या आणल्या. एव्हरिल टीव्ही बघत बघत त्या मोजून पिशव्यांत भरायची, हे काम तिला आवडलं असं दिसलं.

टोप्या घालून झाल्या, आणि हेडली स्वयंपाकघरातल्या टेबलावर चष्मा लावून फॉर्म भरायला बसला.

नाव. पत्ता. इंजिन. मग चौथी ओळ: सांगाड्याचा नंबर.

अशा गाड्यांच्या पेट्या बनवणारा प्रत्येक सांगाड्यावर नंबर ठोकतो. उजव्या बाजूच्या वरच्या पट्टीवर, इंजिनाच्या शेजारी, ठशांनी, पोलादात. हेडली टॉर्च घेऊन शेडमध्ये गेला. उजवी पट्टी गुळगुळीत. डावी बघितली. गुळगुळीत. मागची बघितली. मग पुन्हा उजवी. बोट फिरवलं. तळ्याकाठच्या गोट्यासारखी लागली.

आणि त्याला आठवलं.

गाडी आली त्या पहिल्याच आठवड्यात, हिरवा रंग दोन ठिकाणी उडाला होता म्हणून त्यानं सांगाडा पुन्हा रंगवायला घेतला होता. रंगवायच्या आधी हात फिरवून बघायची त्याची जुनी सवय. गडग्यात बसवायचा दगड असा हातात घेऊन फिरवायचा, कुठं फुगा, कुठं खरखर दिसली की छिन्नीनं उडवायची, मग लावायचा. चाळीस वर्षांचा हात. उजव्या पट्टीवर, जुन्या रंगाखाली, त्याला हाताला बारीक बारीक खडे लागले होते. त्याला वाटलं, वेल्डिंगचे थेंब उडालेत. रॉयस्टनसारख्या माणसाच्या हातून हे कसं राहिलं, असंही त्याला वाटलं होतं, आणि जरा बरंही वाटलं होतं. ग्राइंडर घेतला, मायेनं घासलं, वर तीन हात रंग मारला.

हेडली बादलीवर बसला. रॉयस्टनच्याच.

मग घरात येऊन एव्हरिलला म्हणाला, "गाडीचा नंबर मी पुसून टाकला."

"मग लिही पुन्हा."

"मला माहीत नाही कुठला होता."

एव्हरिलनं हातातली पिशवी खाली ठेवली. "कुणाला माहीत आहे?"

पेटी बनवणाराचं दुकान अकरा वर्षांपूर्वी बंद पडलेलं. त्याचा फोन लागत नव्हता, शेड पाडून तिथं कुत्र्यांना आंघोळ घालायचं दुकान झालेलं. सरकारी कचेरीला फोन केला. पाऊण तास गाणं ऐकवल्यावर एका बाईनं सांगितलं, नंबर नाही, बिल नाही, जुन्या गाडीचं पुस्तक नाही, तर आम्ही तुम्हाला नवा नंबर देऊ. पण गाडीच्या नंबरपाटीवर पहिलं अक्षर क्यू येईल.

क्यूची पाटी म्हणजे काय, हे ज्यानं अशी गाडी बांधली त्याला सांगावं लागत नाही. ही गाडी कुठून आली, कधीची, कुणाची, काहीच ठाऊक नाही, असं सरकारनं पुढं आणि मागं लिहून दिलेलं असतं. रस्त्यावर चालते. पण मेळाव्यात नेली की लोक आधी पाटी बघतात, मग गाडी, मग तुझ्याकडं न बघता चहा प्यायला जातात.

हेडलीला हे पचेना. पुरी झाली म्हणून एव्हरिलसमोर उभी करायची आणि गाडीच्या कपाळावर बेवारशाचं अक्षर. एव्हरिल विचारणार, हे अक्षर कशाचं? आणि आपण सांगणार, एक गोष्ट राहिली त्याचं.

शनिवारपर्यंत थांबला नाही. बुधवारीच माल्टनला गेला. रॉयस्टन घरात नव्हता, ग्रंथालयात गेला होता. मेव्हिसनं दार उघडलं.

"मेव्हिस, ती फाइल सापडली का?"

"कुठली?"

"गाडीची. माळ्यावर आहे म्हणत होता."

मेव्हिस त्याच्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "हेडली, या घराला माळा नाही. ये आत."

फाइल पुढच्या खोलीत होती, रॉयस्टनच्या खुर्चीशेजारी, लहान टेबलावर, चष्म्याच्या खाली. निळी, जाड, चारही कोपऱ्यांना टेप लावलेली. मेव्हिसनं तिला हात लावला नाही.

"रोज जेवण झाल्यावर बघतो," ती म्हणाली. "पहिल्या पानापासून. मी टीव्हीचा आवाज कमी करते. गॅरेजात आता माझी बहीण झोपते, त्याला बसायला दुसरं काही राहिलं नाही. तू म्हणशील तर मी देते, आत्ता. पण मग शनिवारी तो तुझ्याकडं येणार नाही आणि माझ्याशी बोलणार नाही."

फाइल हातभर अंतरावर. उचलायची आणि निघायचं. घरी जाऊन फॉर्म भरायचा, चौथी ओळ. हेडली सांगतो, त्याचा हात पुढं गेला होता. मग त्यानं तो खिशात घातला.

"शनिवारी येऊ दे त्याला," म्हणाला.

शनिवारी दहाला रॉयस्टन आला, थर्मास काढला, बादलीवर बसला. हेडलीनं काम सुरूच केलं नाही. बोल्टवरची एक टोपी काढत, घालत उभा राहिला.

"रॉयस्टन, मी नंबर घासला."

"कुठला नंबर?"

"सांगाड्याचा. ग्राइंडरनं. मला वाटलं तुझं वेल्डिंग उडालंय."

रॉयस्टननं कप खाली ठेवला. उठला, उजव्या पट्टीपाशी गेला, चष्मा कपाळावर घेतला आणि नाक टेकेल इतक्या जवळून बघितलं.

"माझं वेल्डिंग उडत नाही," तो म्हणाला.

"ते आता कळलं मला."

"नीट घासलंयस."

"ते येतं मला."

रॉयस्टननं पट्टीवरून अंगठा फिरवला. होडीतल्या कोंबड्या तेवढ्या ऐकू येत होत्या.

"आता?" रॉयस्टननं विचारलं.

"आता क्यू घेतो. सोमवारी अर्ज टाकतो. काय करणार, फाइल काही सापडत नाही."

"क्यू?"

"मग काय. कुणी बांधली, कधी सुरू केली, काही लिहिलेलं नाही. रस्त्यावर येईल ना, झालं."

आता हे हेडलीनं मुद्दाम म्हटलं की खरंच म्हटलं, हे मी त्याला तीन वेळा विचारलंय. तीन उत्तरं दिली त्यानं. मला वाटतं तोवर तो खरंच थकला होता.

रॉयस्टन लाल झाला. आधी कान, मग मान. "एकोणीस वर्षं," म्हणाला. "ते मागचे दांडे बघ. ते मी दोनदा बाहेर काढून पुन्हा बसवले, कारण पहिल्यांदा एक धागा पुढं होता. आणि तू त्याच्यावर, ही कुठून आली ठाऊक नाही, अशी पाटी लावणार?"

"मग मी काय करू, लेका? मला ठाऊक नाही कुठून आली. तुला ठाऊक आहे, आणि तू सांगत नाहीस."

रॉयस्टननं थर्मासचं झाकण लावलं. दोनदा काढून लावलं. "एव्हरिलला सांग, मला जेवायला धरू नको," म्हणाला आणि निघून गेला. त्याला कुणी जेवायला बोलावलेलं नव्हतंच.

दोन वाजता परत आला. काखेत निळी फाइल, आणि मेव्हिस गाडीत बसलेली, दोन तास शिव्या खाल्ल्यासारखं किंवा दिल्यासारखं तोंड करून. फाइल हेडलीच्या हातात नाही दिली. स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवली आणि तिच्यावर हात ठेवून उभा राहिला.

"फॉर्ममध्ये एक ओळ आहे," म्हणाला. "बांधणाराचं नाव. मी वाचलंय."

"आहे."

"तिथं माझं नाव पाहिजे."

हेडलीनं खुर्ची ओढली. हे त्याला लागलं, हे तो लपवत नाही. सबंध हयातीत पहिल्यांदा एक गोष्ट पुरी करतोय, आणि तिच्यावर दुसऱ्याचं नाव? "आणि वायरी कुणी ओढल्या?" म्हणाला. "ब्रेक? सीट? इंजिन कुणी बोलतं केलं?"

"वायरी मी सांगितलं तिथून ओढल्यास."

"तुझं ऐकून ओढल्या असत्या तर अजून निम्म्या राहिल्या असत्या."

"निम्म्या राहिल्या असत्या पण सरळ असत्या."

एव्हरिल चहा घेऊन आली होती. तिनं फॉर्म स्वतःकडं ओढला, चष्मा लावला, ती ओळ बघितली. "ओळ चांगली लांब आहे," म्हणाली. "दोन्ही मावतात. ज्यानं आधी सुरू केलं त्याचं आधी. आता तो हात काढ, रॉयस्टन, मला नंबर बघू दे."

बिलावर नंबर होता. फोटोत पण होता, पहिल्या दिवसाचा, नव्या सांगाड्यावर, शेजारी रॉयस्टनचा अंगठा, तेव्हा त्याला केस होते. झेरॉक्स काढल्या, कचेरीला पत्र लिहिलं, जे झालं ते सरळ लिहिलं. तीन आठवड्यांनी होकार आला, की कागद बरोबर आहेत, तोच नंबर त्याच जागी पुन्हा ठोका.

ठसे रॉयस्टनकडं होते. मखमली पेटीत. अकरा अक्षरं ठोकायला त्याला सबंध सकाळ लागली. आधी पेन्सिलीनं रेघा, मग पुसल्या, मग पुन्हा. हेडली मागं उभा राहून बघत होता. सहावं अक्षर केसभर कललं.

"हे घासून पुन्हा करू," रॉयस्टन म्हणाला.

हेडलीनं ग्राइंडर उचलला, घरात नेला आणि एव्हरिलच्या हातात दिला. एव्हरिलनं तो दार नसलेल्या कपाटात वरच्या फळीवर ठेवला. बाकीची पाच अक्षरं मग लवकर झाली.

तपासणीला दोघंही गेले. तपासणारा शांत माणूस, बोलणं मोजून. गोळा घेऊन सगळीकडं फिरला. रॉयस्टन त्याच्या मागोमाग, तीन पावलं अंतर ठेवून. दोनदा त्या माणसानं सांगितलं, "तुम्ही पिवळ्या रेघेच्या मागं उभे राहा." दोनदा राहिला. संध्याकाळी कागद मिळाला: नापास. दोन गोष्टी. मागच्या दिव्याच्या खालची कड उघडी, आणि वळणावर स्टिअरिंग सोडलं की आपसूक सरळ येत नाही.

"कड तुझी," रॉयस्टन म्हणाला.

"स्टिअरिंग तुझं," हेडली म्हणाला.

घरी येताना ट्रेलर ओढत चाळीस मैल, एवढंच बोलणं. पण सोमवारी, शनिवार नसताना, रॉयस्टन शेडमध्ये आला. पुढची चाकं पाव अंश इकडं, पाव अंश तिकडं करत दोघं चार दिवस जमिनीवर लोळत होते. हेडलीनं कडेला पट्टी लावली, आणि ती पट्टी रॉयस्टननं काढून पुन्हा लावली नाही. तिच्याकडं बघितलं आणि "चालेल" म्हणाला. या वेळेला ते "चालेल" खरं होतं, असं हेडली सांगतो.

दुसऱ्यांदा पास झाली. कागद सरकारात गेला, पाटी आली. क्यू नव्हता. जुन्या गाडीच्या वयाचा नंबर आला, साधा, कुणीही दोनदा बघणार नाही असा. हेडलीनं गाडी शेडमधून काढली, घरासमोर रस्त्यावर उभी केली आणि आत जाऊन एव्हरिलला म्हणाला, "ही घे. झाली."

एव्हरिल कोट घालून, डोक्याला रुमाल बांधून आली. चारी बाजूंनी फिरली. हेल्म्सलीपर्यंत जाऊन आले, वाटेत भिजले. उतरल्यावर ती म्हणाली, "सीट टोचते." मग दारातून आत जाता जाता, त्याच्याकडं न बघता, "पण झाली," म्हणाली.

हेडलीला तेवढं पुरलं. त्यानं अजून चौथ्या भिंतीला हात लावलेला नाही आणि लावेल असं मला वाटत नाही. त्याचं एक झालं. शनिवारी गाडी धुतो, दोन मैल जातो, येतो.

प्रश्न रॉयस्टनचा आहे. शनिवारी दहाला अजून येतो, थर्मास घेऊन, पण शेडमध्ये बघण्यासारखं काही नाही. पुरी झालेली गाडी किती वेळ बघणार. मागच्या आठवड्यात म्हणे त्यानं हेडलीला सुचवलं, डॅशबोर्ड काढून एकदा नीट बसवू. हेडलीनं चावी खिशात घातली. मेव्हिसची बहीण बरी होऊन आपल्या घरी गेली, गॅरेज मोकळं आहे, आणि रात्री जेवण झाल्यावर रॉयस्टन पोटावर हात ठेवून नुसता बसतो, कारण फाइलसुद्धा आता हेडलीकडं आहे. परवा मेव्हिस मला बेकरीत भेटली, पाव घ्यायला आलेली. बाजूला घेऊन बोलली.

तर माझं तुझ्याकडं एवढंच मागणं आहे. तू सगळीकडं फिरतोस, शेडा बघतोस. कुठं कुणाची गाडी अर्धवट पडलेली दिसली, विकायची असली, तर रॉयस्टनला कळव. अर्धीच पाहिजे. अर्ध्याच्या वर झालेली असेल तर त्याला सांगू नकोस.